रामाला तिकीट मेरठचं

१९९१ साली दूरदर्शनवरच्या 'रामायणा'तली सीता आणि रावण एकाच निवडणुकीत लोकसभेवर गेले. दीपिका चिखलिया बडोद्यातून, अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून. राज्य एक, पक्षही एक. अपहरणाच्या खटल्याचा इतका सामोपचाराचा शेवट वाल्मीकींनाही सुचला नव्हता. पाच वर्षांनी 'महाभारता'तले श्रीकृष्ण नितीश भारद्वाज जमशेदपूरहून निवडून आले. मारुतीराय दारासिंग २००३ मध्ये राज्यसभेत पोहोचले. २०१४ मध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी'च्या तुलसीबाई स्मृती इराणी केंद्रात मंत्री झाल्या. २०१९ मध्ये अमोल कोल्हे शिरूरहून गेले, म्हणजे मालिकांतले शिवराय आणि संभाजीराजे एकाच खासदारात सामावले. राहिले होते ते खुद्द प्रभू रामचंद्र. अरुण गोविलांना मेरठचं तिकीट मिळालं २०२४ मध्ये. मूळ वनवास १४ वर्षांचा. मालिका सुरू झाल्यापासून मोजला, तर हा ३७ वर्षांचा भरतो.

यावरून निष्कर्ष असा, की टीव्हीवरचा गुणी नट आमदार, खासदार, मंत्री, काय वाट्टेल ते होऊ शकतो. फक्त शुक्रवारी सिनेमाचं थिएटर भरवू शकत नाही. त्याला आम्ही आमचं मत बिनदिक्कत देतो, कारण मत अमूल्य असतं, म्हणजे फुकट असतं. तिकिटाचे तीनशे रुपये मात्र आम्ही विचार करून खर्च करतो.

गोविलांचंच बघा. 'रामायणा'च्या आधी ते सिनेमाचे नायक होते. १९७९ चा 'सावन को आने दो' चांगला चालला होता. मग १९८७ च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले, लोक टीव्हीच्या डबड्याला हार घालून उदबत्ती ओवाळू लागले, आणि नायकाचं करिअर तिथेच संपलं. ज्याची घरोघरी आरती होते, त्याला कुठला निर्माता बागेत नटीच्या मागे धावायला लावणार?

आता ही मंडळी अभिनयात कमी पडतात म्हणावं, तर मालिकेच्या सेटवर एक दिवस काढून बघा. कॉल सकाळी सातचा, शिफ्ट बारा-तेरा तासांची. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक रिकामी, रात्रीचं टेलिकास्ट डोक्यावर, आणि सीनची पानं प्रिंटरमधून भजीसारखी गरमागरम येताहेत. पानावर एवढंच, की सासूबाईंनी देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी सरकवली. त्यावर घरातल्या नऊ माणसांच्या रिॲक्शन घ्यायच्या, प्रत्येकाचा क्लोज वेगळा. नायिकेने आधी संशय, मग धक्का, मग निर्धार, हे सगळं पापणी न लववता आणि नाकातली नथ न हलवता द्यायचं. सिनेमातला नट भूमिकेत शिरायला सहा महिने घेतो आणि त्याबद्दल मुलाखती द्यायला आणखी सहा. मालिकेतली मुलगी जेवणाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटांत विधवा होते आणि पॅकअपच्या आत पुन्हा सवाष्ण.

हीच मुलगी सिनेमाच्या ऑडिशनला गेली, की दिग्दर्शक मान वाकडी करून म्हणतो, "छान. पण जरा टीव्हीचं वाटतंय. कमी करा." ती कमी करते. "अजून कमी." शेवटी ती काहीच करत नाही, तेव्हा त्याला वाटतं, आत्ता जमलं. पण तोवर तारखांचा विषय निघतो. महिन्याचे पंचवीस दिवस मालिकेला लिहून दिलेले, चॅनेलशी करार झालेला. मालिका सोडावी, तर गेल्या तीन महिन्यांचे पैसे यायचेत, कारण या धंद्यात मानधन ९० दिवसांनी मिळतं. बँकेचा हप्ता मात्र ५ तारखेलाच जातो.

बरं, सिनेमावाले टीव्हीच्या माणसांना अगदीच दारात उभं करत नाहीत, असं नाही. बापाची आणि इन्स्पेक्टरची जागा त्यांच्यासाठी राखीव असते. 'वास्तव'मध्ये शिवाजी साटम संजय दत्तचे वडील झाले. मुलापेक्षा वडील नऊ वर्षांनी मोठे. आई झालेल्या रीमा लागू तर जेमतेम एका वर्षाने. 'सीआयडी'त वर्षानुवर्षं दारं फोडणाऱ्या दयानंद शेट्टींना 'सिंघम रिटर्न्स'मध्ये बोलावलं, नाव ठेवलं दया, आणि काम दिलं दार फोडायचं. बढती म्हणतात ती हीच. फोडायचं दार तेवढं मोठ्या पडद्याचं.

"पण मग शाहरुख?" असा प्रश्न कोपऱ्यातून येणारच. शाहरुखची 'फौजी' १३ भागांची होती. आजच्या मालिकेत १३ भागांत हळदसुद्धा लागत नाही. लोकांना त्याचा कंटाळा यायच्या आत तो 'दीवाना'त मोटारसायकलवर बसून निघून गेला. सुशांतसिंह राजपूतने 'पवित्र रिश्ता' २०११ मध्ये ऐन भरात सोडली. मालिकेने त्याच्या भूमिकेचा, मानवचा, चेहरा बदलला आणि ती २०१४ पर्यंत तशीच चालली, कुणाचं काही अडलं नाही. इरफान खानला 'भारत एक खोज'पासून 'हासिल'पर्यंत यायला १५ वर्षं लागली, आणि तो इरफान होता. आपल्या धुळ्याच्या मृणाल ठाकूरने 'कुमकुम भाग्य' सोडली, हिंदी सिनेमे केले. पण डोक्यावर घेतलं ते तेलुगू प्रेक्षकांनी, 'सीता रामम'मध्ये. त्यांनी तिला रोज रात्री पोळी-भाजीबरोबर पाहिलेलं नव्हतं ना!

खरी ग्यानबाची मेख इथे आहे. स्टार म्हणजे जो आपल्या घरी येत नाही तो. त्याच्या बंगल्यासमोर उन्हात उभं राहावं, गच्चीतून त्याने हात हलवावा आणि आपण धन्य व्हावं. मालिकेतला नट रोज आठला येतो. आपण लुंगीवर असतो, भाजीत मीठ जास्त पडलेलं असतं, आणि त्याचं रडणं ऐन रंगात असताना आपण आवाज बंद करून फोन घेतो. तो रागावत नाही. असा माणूस दिवाळीत दुकानाची फीत कापायला चालतो, सत्यनारायणाला चालतो, मत मागायला तर फारच चालतो. त्याला बघायला पार्किंगचे पैसे कोण भरणार?

गंमत अशी, की स्टारांना हे बरोबर ठाऊक आहे. सिनेमा लागायच्या आठवड्यात तेच निमूट टीव्हीच्या दारात येतात. मालिकेतल्या लग्नात पाहुणे म्हणून नाचतात, 'चला हवा येऊ द्या'च्या थुकरटवाडीत खानमंडळीही हजेरी लावून गेली. तिथे लुगडं नेसलेले भाऊ कदम एका नजरेत अख्खा सेट लोळवत होते आणि कोट्यवधींचे मालक शेजारी बसून हसत होते. हसून झाल्यावर ते सांगत, येत्या शुक्रवारी नक्की या. आणि आम्ही गेलो. ज्याने दोन तास हसवलं त्याच्याकडे नाही, जो पाहुणा आला होता त्याच्याकडे.

तरीही हिंमत करून एखादा मालिकेतला नट सिनेमाचा नायक होतोच. पोस्टर लागतं. सोसायटीत कौतुकाला उधाण येतं: आपला तो, किती गुणी! वशिल्याच्या पोरांना मोकळं रान आणि या बिचाऱ्याला सकाळी साडेअकराचा शो, म्हणून आम्ही मल्टिप्लेक्सवाल्यांना शिव्याही घालतो. मग कुणीतरी विचारतं, जायचं का बघायला? यावर अख्ख्या महाराष्ट्राचं एकमताने ठरलेलं उत्तर तयार असतं: "येईलच की टीव्हीवर!"

येतोही. चारच महिन्यांत, रविवारी दुपारी. सगळी बिल्डिंग तो बघते, टीआरपी जोरात येतो, आणि सोमवारी सकाळी चॅनेलचा फोन जातो: नवी मालिका आहे, रोज आठला. यावेळी भूमिका वडिलांची.