हिरव्या मोज्यांचा खुलासा

कुराशिकी, जपान
दसऱ्याच्या आधीचा रविवार

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांना,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "खोकं पोचलं गं, पण आत सगळा गोपाळकाला झालाय." मागून बाबांचा आवाज आला, "माझे मोजे हिरवे का?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण मनाला चैन नाही. म्हणून हा रीतसर खुलासा. व्हॉट्सॲपवर लिहिला असता, पण यातला बराचसा भाग हात लावून बघायचा आहे. म्हणून कागद, शाई आणि टपालखर्च.

तर दोष टपालाचा नाही, माझा. खोक्याला बाहेरून तुमच्या चिरंजीवांनी तपकिरी टेप मारली होती, ती शाबूत पोचली. आतल्या पुड्या मी बांधल्या. माचाची, म्हणजे हिरव्या चहाच्या भुकटीची पुडी, बाबांचे मोजे, तुमचे रुमाल, प्रत्येकाला वेगळा कागद आणि वर फुलाफुलांच्या चिकटपट्ट्या. झाकण लावण्याआधी खोकं रुखवतासारखं दिसत होतं, फोटोसुद्धा काढला. माचाचं पाकीट मात्र मी आधी फोडून चमचाभर चहा करून बघितला होता (बघायला नको, कसा आहे ते?) आणि त्याचं तोंड पुन्हा त्याच पट्टीनं बंद केलं. वाटेत ती सुटली. सुटणारच. ती पट्टी सुटण्यासाठीच केलेली असते, हे मला दोन वर्षं माहीत आहे आणि तरी मी तिच्यावर चहाची भुकटी सोपवली.

तुम्ही फोनवर विचारलंत, "कसली टेप म्हणालीस?" मी म्हटलं, "वाशी." तर बाबा म्हणाले, "वाशीच्या मार्केटातून जपानला कशाला नेली?" बाबा, वाशी म्हणजे जपानी कागद. अस्सल वाशी कोझो नावाच्या झाडाच्या आतल्या सालीपासून हातानं करतात. टेपचा कागद यंत्रावर होतो, पण पातळ आणि चिवट हे गुण तेच. आणि गंमत म्हणजे इथे तिला वाशी टेप म्हणतच नाहीत. ते नाव परदेशात पडलं. इथे ती 'मास्किंग टेप', लाडानं 'मासुते'.

आता चष्मा लावा आणि या कागदाचा डावा समास बघा. तीन ठिकाणी तुकडे लावलेत, प्रत्येक 15 मिलिमीटर रुंद, हीच तिची नेहमीची रुंदी. वरचा निळा, मधला पिवळा, खालच्या जागी निळ्यावर पिवळा. खाली पोपटी दिसतंय ना? कागद अर्धपारदर्शक असल्यामुळे खालचा रंग वर येतो, पतंगाचा कागद उजेडात धरला की येतो तसा. कडा बघा, कात्री लावलेली नाही, हातानं फाडलंय. आणि आता मधला तुकडा नखानं उचला. आला ना? कागदाला डाग नाही, ओरखडा नाही. पुन्हा लावून टाका. पुन्हा बसेल. हे सगळं मी फोनवर कसं सांगणार होते?

आता हे घरात शिरलं कसं ते. आपली चिऊ पहिलीत गेली तेव्हा शाळेनं गणिताची पेटी दिली. मोजायच्या काड्या, रंगीत चकत्या, खेळातलं घड्याळ, फासे. सूचना एकच: प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव. प्रत्येक म्हणजे प्रत्येक काडीवर. आपलं आडनाव जपानी लिपीत सहा अक्षरांचं होतं आणि काडी असते आगपेटीतल्या काडीहून जराशी मोठी. बाकीच्या आयांची आडनावं दोन अक्षरांत आटोपत होती. मी रात्री साडेअकरापर्यंत काड्यांवर आपल्या घराण्याचं नाव कोरत बसले होते. तेव्हा शेजारच्या आजींनी एक बारीक रीळ आणून दिलं: यावर पेननं लिही, गुंडाळ, वर्ष संपलं की सोल. त्या रात्री मी सुटले, आणि अडकलेही.

कारण मग मसाल्याचे डबे आले. धने पूड पिवळी पट्टी, गोडा मसाला तपकिरी, तिखट लाल. मग पासबुक, विजेच्या वायरी, चिऊच्या डब्याचं झाकण, पंख्याचा रिमोट. शंभर येनच्या दुकानात एक रीळ करासकट 110 येनला मिळतं, म्हणजे साठेक रुपये. मी दरवेळी मनात रुपये करते आणि दरवेळी ते स्वस्तच वाटतं. परवा चिरंजीवांनी मोजदाद केली: 86 रिळं. सरासरी सात मीटरचं रीळ धरून 602 मीटर. "शनिवारवाड्यापासून निघालीस तर दगडूशेठपर्यंत पोचशील," म्हणाले. मी म्हटलं, दर्शन तरी होईल.

ते सुरुवातीला फार तोऱ्यात होते. त्यांच्या कारखान्यात गाडीला रंग देताना हीच पट्टी लावतात, म्हणून त्यांना ती कामगाराची वस्तू. जेवताना मला इतिहास ऐकवला: 1925 साली अमेरिकेत थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू नावाच्या माणसानं मास्किंग टेप काढली, कारण दुरंगी गाड्यांची टूम होती आणि दोन रंगांमधली रेघ कुणाला सरळ येत नव्हती. "आणि तू ती लोणच्याच्या बरणीला लावतेस." मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी त्यांना कुराशिकीच्या जुन्या वस्तीत घेऊन गेले.

आई, ती जागा तुम्हाला दाखवायचीच आहे. कालवा, दोन्ही काठांना विलोची झाडं आणि पांढऱ्या भिंतींच्या जुन्या वखारी. काही भिंतींवर काळ्या फरश्या बसवून सांध्यांवर पांढऱ्या गिलाव्याचे जाड उंचवटे काढलेत, इतके नेमके, की वाटतं कुणी आख्ख्या भिंतीला टेपच मारली आहे. तिथल्या दुकानांत या पट्ट्या भिंतभर मांडलेल्या असतात, कारण त्या याच गावच्या. कामोई काकोशी नावाची कंपनी. 1923 साली इथे सुरू झाली, आणि काय बनवत होती सांगू? माशा पकडायचा चिकट कागद! मिठाईच्या दुकानात लोंबायचा तसा. चिकटवण्याची विद्या हातात होती, तीच पुढे गाड्यांच्या आणि इमारतींच्या रंगकामाच्या टेपला उपयोगी पडली. मग 2006 साली टोकियोच्या तीन बायकांनी कंपनीला लिहिलं, आम्हाला तुमची टेप फार आवडते, आम्ही तिच्यावर छोटंसं पुस्तकही केलंय, कारखाना बघू द्याल का? रंगाऱ्यांच्या मालावर पुस्तक! तिथले लोक चक्रावले असणार. पण बायकांना आत घेतलं, त्यांचं ऐकलं, आणि थोड्याच काळात 20 रंगांची रिळं बाजारात आली. माशांचा कागदही कंपनी अजून विकते.

हे सगळं मी कालव्याकाठी उभी राहून चिरंजीवांना सांगितलं. ते म्हणाले, "थोडक्यात, माशा पकडणाऱ्यांनी तुला पकडलं." आणि स्वतः निळ्या-पांढऱ्या रेघांची चार रिळं घेतली. आता त्यांच्या टेबलाखालच्या सगळ्या वायरींना रंगवार पट्ट्या आहेत आणि कुठला रंग कशाचा याचा तक्ता भिंतीवर. तो तक्ता कशानं लावलाय ते विचारू नका.

(बाबा, तुम्ही रोज सकाळी सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरता, ज्याला सगळे ओकायामा म्हणतात, ते हेच ओकायामा. कुराशिकी त्याच प्रांतात. तुमच्या बागेचं मूळ रूप म्हणजे कोराकुएन, ते इथून गाडीनं वीसेक मिनिटांच्या ओकायामा शहरात. तेव्हा "तुम्ही कुठे जाऊन पडलात" हे म्हणणं आता सोडा. तुम्ही रोज आमच्याच अंगणात चालता.)

आता गणपतीचं खरं सांगते. फोटोत मखर छान दिसलं, तुम्ही कौतुक केलंत, आणि मी गप्प बसले. भाड्याच्या घरात खिळा ठोकायची सोय नाही. घर सोडताना ते होतं तसं करून द्यायचं, नाहीतर अनामत रकमेतून कापतात. मग मखर पट्ट्यांचं. मागच्या भिंतीवर मी तुमच्या लग्नातल्या पैठणीचा काठ काढायला घेतला: नारळी काठ, हिरव्यावर सोनेरी त्रिकोण. रुंद पट्टीचे एकशे बारा त्रिकोण कापले, ओळीनं बसवले. मोर करायचाही विचार होता. पण ही पट्टी सरळ रेषेत गुणी आणि वळणावर हट्टी. मोराची मान वळवली की चुण्या पडतात आणि तो आजारी कोंबडीसारखा दिसतो. मोर रद्द केला.

आरतीला कारखान्यातले दोघं आणि त्यांच्या बायका, शेजारच्या आजी, चिऊच्या वर्गातल्या दोन मुली. दुसऱ्या कडव्याला टाळ रंगात आले आणि मला डावीकडून 'टर्र' असा बारीक आवाज आला. इथल्या भिंतींना खरखरीत प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर ही पट्टी जेमतेम बोटं टेकवून उभी राहते. त्यात दमट हवा, त्यात निरांजन, कापूर. एक कोपरा सुटला, त्यानं दुसऱ्याला खेचलं, आणि आख्खा नारळी काठ सावकाश, अगदी सावकाश खाली येऊन बाप्पांच्या मुकुटावरून खांद्यावर बसला. चिऊ ओरडली, "आई, बाप्पानी शाल घेतली!" कुणाचाही टाळ चुकला नाही. जपानी मुलींना वाटलं, हा विधीचा भाग आहे. त्यांनी वाकून नमस्कार केला. मी तो काठ तसाच राहू दिला. फोटो त्याच्या आधीचा आहे.

दाराबाहेरची रांगोळीही पट्ट्यांचीच. रांगोळीची पूड इथल्या सामाईक व्हरांड्यात उडाली तर सोसायटीची बैठकच बसेल. गोलाकार काही जमत नाही म्हणून मी सरळ रेघांचं आपलं स्वस्तिक काढलं, तांबड्या बारीक पट्टीचं. संध्याकाळी आजी दाराशी थबकल्या. इथे नकाशावर देऊळ दाखवायला स्वस्तिकच असतं, पण त्याच्या शेंड्या उलट्या बाजूला वळतात. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग फार नम्रपणे म्हणाल्या, "तुमचं देऊळ उलटं लागलंय." आणि पट्टी सोलून सरळ करून द्यायला खाली बसल्यासुद्धा. त्यांना थांबवून, आमचं असंच असतं, हे माझ्या मोडक्या जपानीत समजावताना कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.

या आजींचं अजून एक सांगायचंय. विसर्जनानंतर मी त्यांना बेसनाचे लाडू दिले, डबा कागदात बांधून, वर कमळांची पट्टी. त्यांनी माझ्यासमोरच उघडला. आधी पट्टीचं टोक नखानं उचललं. मग दुसऱ्या हाताचा अंगठा कागदावर दाबून धरला, कागद ओढला जाऊ नये म्हणून, आणि पट्टी निजवलेल्या कोनात हळूहळू मागे घेतली. सुटलेली पट्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लावून ठेवली, त्या तारखेच्या चौकोनात. मग कागद मांडीवर तळहातानं सपाट केला, चारदा दुमडला आणि फडताळात ठेवला. तिथे तसलेच दुमडलेले कागद गठ्ठ्यानं होते.

आई, माझ्या डोळ्यांसमोर आपलं देवघराखालचं कपाट आलं. माझ्या लग्नातल्या आहेराचे कागद तुम्ही असेच सोलून ठेवले होते आणि मी नवी सून, फर्रकन एक फाडला होता. तुम्ही काही बोलला नाहीत. नुसतं बघितलंत. त्या बघण्याचा अर्थ मला कळायला कुराशिकीला यावं लागलं. लाडू कसे झाले हे विचारायचंच राहून गेलं.

आता बाबांना एक विनंती. मेतकूट आणि भाजणी संपत आली आहे, दिवाळीआधी पाठवा. पण बाबा, टेप जरा हात राखून मारा. गेल्या खोक्याला तुम्ही उभी, आडवी, तिरपी आणि पुन्हा उभी मारली होती. तुमच्या चिरंजीवांनी ते फोडायला सुरी, मग करवतीच्या पात्याची सुरी आणि शेवटी पायाचा वापर केला. चाळीस मिनिटं लागली. चकली एकही तुटली नव्हती हे खरं, पण चिऊनं मध्येच विचारलं, "आजोबांना हे द्यायचंय ना नक्की?"

मोज्यांचं: दोन धुण्यांत हिरवं न गेलं तर सांगा, दुसरे पाठवते. या वेळी पिशवीत.

चिऊचा आकाशकंदील सुरू आहे. सांगाडा चॉपस्टिक्सचा, शेपट्या पट्ट्यांच्या. तिनं आजोबांना नमस्कार सांगितलाय आणि आजीला पापी.

आई, तुमचा मोतीबिंदू अजून पिकायचा आहे आणि नखं तर तुम्ही कधी वाढवत नाही. म्हणून पाकिटाच्या मागच्या पट्टीचं उजवं टोक मी आतल्या बाजूला दुमडून ठेवलंय, बोटभर, चिमटीत धरता यावं म्हणून. हे मी वर लिहायला हवं होतं, आता लक्षात आलं. तुम्ही पत्र वाचताय म्हणजे पाकीट उघडून झालं असणार.

बाबांनी उघडलं असेल तर फाटलं असेल. तुम्ही उघडलं असेल तर ते आत्ता कपाटात आहे.

तुमची,
सूनबाई