पार्टी काय म्हणते?

भाऊकाकांकडे कोणी आपणहून सल्ला मागितल्याचं आमच्या सोसायटीत कुणालाच आठवत नाही. मागायची वेळच येत नाही. लिफ्टमध्ये शिरताना तुम्ही नुसतं 'हुश्श' केलंत, की तिसऱ्या मजल्यापर्यंत तुमचा मेडिक्लेम कुठे काढायला हवा होता, तुम्ही तो तिथे का काढला नाहीत आणि आता बदलण्यात अर्थ का नाही, एवढं सगळं तुमच्या पदरात पडलेलं असतं. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात त्यांचं आयुष्य गेलं. समोरचा माणूस अडचणीत असल्याशिवाय येत नाही, आणि त्याला नेमकं काय हवंय ते त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, या दोन समजुती तिथे हाडीमाशी मुरल्या. त्यामुळे निवृत्तीनंतर आपण समुपदेशन शिकणार असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा आमच्यापैकी कुणालाही नवल वाटलं नाही. नवल त्यांना वाटलं, पहिल्या तासाला. समुपदेशकाने सल्ला द्यायचा नसतो, असं तिथे सांगण्यात आलं.

"मग फी कसली घ्यायची?" त्यांनी उभं राहून विचारलं.

हे भाऊकाका तुमच्याही गावात असतील. बँकेतून, एलआयसीतून, मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून उतरलेला, तब्येतीने ठणठणीत, मुलं अमेरिकेत किंवा बाणेरला, आणि आयुष्यभराचा अनुभव कुणीतरी घेऊन जावा म्हणून दारात उभा. वाटही सोपी होती. इग्नूचं मानसशास्त्रातलं एमए 2025 पर्यंत कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुलं असायचं आणि त्यात समुपदेशन हा विशेष विषय घेता यायचा. भाऊकाकांचं बी.कॉम. तिथे चाललं. शिवाय कौशल्यं हाताखालून जावीत म्हणून ठाण्यात शनिवार-रविवारचा एक वर्ग. वर्गात बावीस-तेवीस वर्षांच्या मुली आणि भाऊकाका. डबा मात्र सगळ्यांत मोठा भाऊकाकांचा.

सुरुवात बसण्यापासून होते. जेरार्ड ईगनने 1975 सालच्या आपल्या पुस्तकात याची पाच कलमं घालून दिली आहेत: समोरासमोर बसा, हातापायांची घडी नको, किंचित पुढे झुका, नजरेला नजर असू द्या, अंग सैल सोडा. पाचही गोष्टी एकदम करणारा माणूस सैल कसा राहील, हे मला कळलेलं नाही. भाऊकाकांनी सराव घरीच केला. दोन दिवसांनी काकू म्हणाल्या, "असं वाकून वाकून बघू नका. मीठ घातलंय भाजीत."

क्लायंट हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी बसलाच नाही. ते 'पार्टी' म्हणतात. "आज दोन पार्ट्या झाल्या, एक आलीच नाही." संमतीपत्राचा नमुना करून आणा असं सांगितलं, तेव्हा गोपनीयता आणि तिचे अपवाद, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर काय, हे सगळं त्यांनी चोख लिहिलं आणि खाली तीन नमुना सह्या, दोन फोटो आणि हमीदाराचं नाव यांना जागा सोडली. सुपरव्हायझर मॅडमनी हमीदारावर काट मारली. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. पण तपासणीला आलेला माणूस ऑडिटर असतो आणि ऑडिटरला वय नसतं, म्हणून त्या वर्गात आल्या की भाऊकाका उभे राहतात.

खरी परीक्षा तिघांच्या गटात. एकाने समुपदेशक व्हायचं, एकाने क्लायंट, तिसऱ्याने निरीक्षक. एका मुलीने प्रेमभंगाची पार्टी केली. मन लावून केली, डोळ्यांत पाणीही आणलं. भाऊकाका झुकले, सैल झाले आणि त्यांनी विचारलं, "त्याच्याकडे तुझे काही पैसे अडकलेत का?" निरीक्षक मुलगी हसू आवरत बाहेर गेली. पुढच्या खेपेला ते स्वतः पार्टी झाले आणि समुपदेशक मुलीला तिने कसं विचारायला हवं ते सांगत बसले.

मग शब्दांकन. या शिक्षणात मुलाखत, अर्थात परवानगीने, रेकॉर्ड करून अक्षरन् अक्षर उतरवून काढावी लागते. हा छळ कार्ल रॉजर्सपासूनचा. ओहायो स्टेट विद्यापीठात त्याने मुलाखती ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घ्यायला सुरुवात केली आणि 1942 च्या आपल्या पुस्तकात हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या माणसाबरोबरच्या आठ भेटी शब्दशः छापल्या. तोवर बंद दाराआड काय बोलणं झालं ते समुपदेशक सांगेल तेच खरं होतं. रॉजर्सच्या एका विद्यार्थ्याने या तबकड्यांवरचे शब्द चक्क मोजले. निर्देश देणारे समुपदेशक क्लायंटच्या जवळजवळ तिप्पट बोलत होते, निर्देश न देणारे त्याच्या निम्म्याहूनही कमी. मॅडमनी ही गोष्ट वर्गात सांगितली आणि भाऊकाकांचं शब्दांकन हातात घेतलं. त्यात पार्टीच्या नावापुढे 'हो', 'हो ना', 'नाही, पण' एवढंच होतं. भाऊकाकांच्या नावापुढे परिच्छेद होते, एका परिच्छेदात तर चक्रवाढ व्याजाचं उदाहरण होतं. मोजणीत ते तिपटीच्याही पुढे गेले. त्यांना हा आकडा अपमानाचा वाटला नाही. "मेहनत दिसते," ते घरी म्हणाले.

अल्बर्ट एलिस भेटला तेव्हा मात्र त्यांचे दिवस पालटले. 1965 साली ग्लोरिया नावाच्या एका बाईच्या तीन मुलाखतींची फिल्म निघाली: एक रॉजर्सची, एक फ्रिट्झ पर्ल्सची, एक एलिसची. सगळ्या जगात प्रशिक्षणार्थींना ती दाखवतात. रॉजर्स ऐकत होता तेव्हा भाऊकाका पेंगले. एलिस बोलायला लागला तसे ते सावरून बसले. हा माणूस तर समोरच्याशी वाद घालतो! तुमचा विचार चूक आहे म्हणतो, का चूक आहे ते दाखवतो, वर घरी करायला अभ्यास देतो! त्यांनी अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी रात्रीत संपवली. हा एलिस दर शुक्रवारी रात्री न्यूयॉर्कमध्ये भरल्या सभागृहात लोकांच्या अडचणी घेऊन त्यांच्याशी हुज्जत घालायचा, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी फक्त त्यांच्या प्रमोशनच्या दिवशी पाहिलं होतं. आठवडाभर सोसायटीत कुणाचाही अविवेकी विचार शिल्लक राहिला नाही. शेवटी मॅडमनी सांगितलं, "काका, एलिस आधी ऐकून घ्यायचा, मग खोडायचा. तुम्ही न ऐकताच खोडताय." माझ्या मते सगळ्या शिक्षणाची बेरीज या दोन वाक्यांत होती, पण भाऊकाकांनी ती टिपून घेतली नाहीत.

एमएचा प्रकल्प हे वेगळंच प्रकरण. विषय होता सेवानिवृत्तांचा एकटेपणा. त्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत 1978 साली तयार झालेली, पुढे सुधारलेली एक प्रसिद्ध प्रश्नावली असते. वीस प्रश्न, प्रत्येकाला 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत चार उत्तरं, गुण वीस ते ऐंशी. साठ माणसं हवी होती. ती हास्यक्लबात सापडली. एका रविवारी सकाळी, हास्य आटोपल्यावर, बटाटेवडे मागवून, गोल करून बसलेल्या साठ जणांनी आपापला एकटेपणा एकमेकांना विचारून भरला.

"मला कुणी समजून घेत नाही असं वाटतं का रे?"

"तुला? लिही, कधीकधी."

वीसपैकी नऊ प्रश्न उलटे असतात. 'बोलायला माणसं आहेत असं वाटतं का' याला 'नेहमी' म्हणणारा एकटा नसतो, म्हणून त्याचे गुण फिरवून धरायचे. भाऊकाकांनी सरळ बेरीज मारली. आकडे बाहेर आले ते असे, की सगळी हास्यक्लब मंडळी सारख्याच प्रमाणात मध्यम एकटी. आणि प्रश्नावलीची विश्वासार्हता सांगणारा क्रोनबाखचा अल्फा, जो सत्तर शतांशाच्या वर असला तर गाईड खूश असतात, तो शून्याच्या आसपास लोळत होता. गाईडनी रागावण्याऐवजी एकच वाक्य म्हटलं, "जमा आणि नावे तुम्ही एकाच बाजूला लिहिलंत." हे त्यांना वर्मी लागलं. रात्रभर जागून त्यांनी साठही फॉर्म पुन्हा लिहून काढले. माझ्या माहितीत संशोधन इतकं मनापासून दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

एका फॉर्मवर मात्र वीसच्या वीस उत्तरं 'नेहमी' होती, सरळ प्रश्नांनाही आणि उलट्यांनाही. न वाचता खुणा केल्या असतील, असं पुस्तक सांगतं. भाऊकाकांनी शाई ओळखली. फॉर्मवर नाव नसतं ते आपल्याला कळू नये म्हणूनच, तेव्हा त्या माणसाला जाऊन काही विचारायचं नाही, अशी गाईडनी तंबी दिली. नाव त्यांनी मलाही सांगितलं नाही. त्यांच्या शिक्षणाचा मला पटलेला हा पहिला पुरावा.

मध्येच त्यांनी पितळी पाटी करून घेतली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांची गणती आता 2021 च्या एका केंद्रीय कायद्याच्या यादीत झाली आहे, पण पाटी लावणाऱ्याला अडवायला अजून दारात कुणी येत नाही. मॅडमनी अडवलं. पाटी माळ्यावर आहे, आणि काकू ती दिवाळीला घासतात.

मागच्या महिन्यात भाऊकाकांची दाढ काढली. तोंडात कापूस, तासभर बोलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. घरी जायच्या आधी ते मैदानाच्या बाकावर टेकले, आणि तो शाईवाला माणूस आपणहून शेजारी येऊन बसला. 'काय, कसं काय' म्हणाला, उत्तराची वाट पाहिली, आणि उत्तर येईना म्हणून बोलायला लागला. बायको गेल्यापासून घरात रेडिओ चालू ठेवतो, इथपासून सुरुवात झाली. पाऊण तास बोलला. मधे रडला. उठताना भाऊकाकांचा हात धरून म्हणाला, "तुमच्याशी बोललं की बरं वाटतं."

नाव-गाव वगळून हे त्यांनी मॅडमना सांगितलं. मॅडम थक्क झाल्या. इतकं शांत, इतकं मोकळं ऐकणं तुमच्याकडून पहिल्यांदाच, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं, काका?"

भाऊकाकांनी खिशातून डेंटिस्टचं बिल काढलं. पाठीमागे बारीक अक्षरात सात मुद्दे होते: नॉमिनी बदलणे, फॅमिली पेन्शनचे कागद, गॅस कनेक्शन नावावर, रेडिओऐवजी भजनी मंडळ, वगैरे.

"दिलंत हे त्यांना?"

"देणार होतो. तो थांबेचना. आता घरी नेऊन देऊ का?"

मॅडमनी हात पुढे करून कागद काढून घेतला आणि आपल्या फाईलला लावला. भाऊकाकांनी पोच मागितली.