पोचल्याचं कार्ड

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधलं प्रदर्शन दोन दिवस पायाखाली घालून घरी आलो, तेव्हा शर्टाच्या खिशात १९ व्हिजिटिंग कार्डं होती. जेवणाच्या टेबलावर ती मांडली, तर बायको म्हणाली, "पेशन्स खेळताय का?" पेशन्स खरंच लागणार होता. पॅकिंगच्या खोक्यांचा माझा छोटा धंदा, आणि भाच्याने बजावलेलं, "मामा, चोवीस तासांत सगळ्यांना फॉलोअप मेल गेलाच पाहिजे."

लिहायला बसलो, पण एकही चेहरा आठवेना. कार्डावर नाव, हुद्दा, जीएसटी नंबरसुद्धा होता. माणूस तेवढा नव्हता. शेवटी 'आपल्याला भेटून आनंद झाला' असा एकच मजकूर केला आणि १९ जणांना धाडला. उत्तरं दोन आली. एक 'मी रजेवर आहे' असं आपोआप आलेलं. दुसऱ्यात विचारलं होतं, 'आपण कुठे भेटलो होतो?' प्रश्न रास्त होता. माझा मेल पुन्हा वाचल्यावर मलाही तीच शंका आली.

"आता आठवड्याने जेंटल रिमाइंडर टाक," भाचा म्हणाला. आमच्या लहानपणी याला तगादा म्हणत, आणि किराणा दुकानदाराने तो कधी जेंटल असल्याचं सांगितलं नव्हतं. सरकारी मराठीत फॉलोअपला पाठपुरावा म्हणतात. पाठपुरावा करणं आणि पिच्छा पुरवणं, यांत फार तर एका मेलचं अंतर.

मग आजोबा आठवले. कुणाकडे मुक्काम करून परतले की पिशवी खुंटीला लावायच्या आधी ते पोचल्याचं कार्ड लिहायचे. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला सुरू झालं. आजोबांपर्यंत येता येता भाव वाढला, जागा काही वाढली नाही. म्हणून साष्टांग नमस्कारही आखडून 'सा. न.' एवढाच. मग मजकूर: 'सुखरूप पोचलो. मिरजेपर्यंत उभं राहावं लागलं. वहिनींच्या हातच्या भरल्या वांग्यांची चव अजून जिभेवर आहे. बाळूचा खोकला उतरला का? आल्याचा काढा द्यावा. लोभ असावा.' मागणं काहीच नसायचं. पण त्या खोकल्याच्या ओळीने पुढच्या मुक्कामाची सोय होऊन जायची.

मी कार्डं उलटी करून पाहिली. एकाच्या पाठीवर माझ्याच अक्षरात खरडलेलं होतं: 'कोल्हापूर. खोकी दमट. गुडघा.' लगेच ते गृहस्थ डोळ्यांसमोर उभे राहिले. उभे कसले, आमच्या स्टॉलच्या एकुलत्या एका खुर्चीत बसलेले. त्यांना लिहिलं, 'पावसाळ्यात खोकी दमट होऊन बसतात म्हणालात. लॅमिनेशन केलेल्या फाइव्ह-प्लाय खोक्यांचे दोन नमुने उद्या कुरियरने पाठवतो. गुडघ्याला उतार आहे ना?'

तासाभरात उत्तर आलं. त्यात ऑर्डरचं काही नव्हतं. गुडघ्याबद्दल मात्र अकरा ओळी होत्या, आणि बाराव्या ओळीत, 'नमुने पाठवाच.'

तेव्हा कुणाचं कार्ड घेतलंत, तर तो माणूस वळायच्या आत मागे दोन शब्द लिहून ठेवा. हल्लीची कार्डं गुळगुळीत असतात, शाई पसरते. बॉलपेन जरा दाबून चालवा.