बोळाला भाडेपावती नसते

वरसावे नाक्यावर घोडबंदर रस्ता महामार्गाला मिळतो. 2023 मध्ये वसईच्या खाडीवर नवा पूल झाला, गाड्यांची सोय झाली. पायी माणूस हा नाका अजून जीव मुठीत धरूनच ओलांडतो. इथपासून मीरा रोड-भाईंदरपर्यंत गिरगावातून उठून आलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्याशी गप्पा मारा. स्वतःच्या खोलीबद्दल ती थोडंच बोलतात. बोलतात ती चाळीखालच्या दुकानांबद्दल आणि एका वाडीतून दुसरीत नेणाऱ्या बोळांबद्दल. कारण खोलीचा मोबदला मिळाला, बोळाचा कुणालाच मिळाला नाही.

गिरगावातल्या चाळींच्या पुनर्विकासाचा हिशेब बघा. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींसाठी नियम 33(7) आहे, समूह विकासासाठी 33(9). भाडेकरू 13 जून 1996 च्या आधीचा हवा, तरच पात्र. घराला किमान क्षेत्रफळ ठरलेलं आहे, दुकानाला जुन्या गाळ्याएवढी जागा मिळते. पण जिन्याखाली बसणारा घड्याळवाला? भिंतीला फळी ठोकून छत्र्या दुरुस्त करणारा? त्याच्याकडे ना पागडीचा कागद, ना भाडेपावती. पन्नास वर्षं बसला असला तरी तो अपात्र. आणि बोळ तर कागदावर कुणाचाच नाही. दोन इमारतींमधली ती मोकळी जागा. पाडकाम झालं, पत्रे लागले, पत्रे निघाले तेव्हा तिथे पार्किंगचा मजला आणि सुरक्षारक्षक. ज्या वाटेने शेजारची मुलं शाळेत जात होती, तिथे आता विचारतात, कुणाकडे जायचंय?

मोठ्यांची नावं तरी उरतात. 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ गिरगावातल्या ज्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला तो पडला, पण त्या जागेवरच्या शॉपिंग सेंटरने नाव राखलं. केशवराव कोठावळ्यांनी 1942 मध्ये काढलेल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलनेही ते राखलं. पाणपोईशेजारच्या कल्हईवाल्याचं नाव कोण राखणार?

गिरगावातल्याच खोताच्या वाडीत एकेकाळी साठ-पासष्ट घरं होती, आज तीसही उरलेली नाहीत. मेट्रो-3 च्या गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी जुन्या इमारती गेल्या, त्यांच्या तळमजल्यावरची दुकानं गेली. मेट्रो हवीच होती. ऑक्टोबर 2025 पासून ती कफ परेडपर्यंत धावते आहे आणि लोकांची सोय झाली आहे. चाळीतले सामायिक संडास परत आणा असंही कुणी म्हणत नाही, मी तर नाहीच. पण लोकांना मोठं घर देताना त्यांची वाट काढून घ्यावीच लागते, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. बोळ ठेवायला सहा-सात फूट रुंदी लागते. वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीला एवढी सोडणं अवघड नसतं. सोडत नाहीत, कारण कुणी मागत नाही.

आणि आपण मीरा-भाईंदरकर काय करतोय? आपल्याकडे तर पाडायलासुद्धा बोळ नाहीत, ते जन्मालाच येत नाहीत. संकुलाला कुंपण, त्याला लागून पुढच्याचं कुंपण. मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात जायला म्हाताऱ्या माणसाने मुख्य रस्त्याने वळसा घालायचा, किंवा रिक्षा करायची. वाटच नसेल तर वाटेवरचा चांभार, इस्त्रीवाला, वाणी येणार कुठून? दुकान माणसांच्या पायांवर चालतं.

विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना नोंदवायचा हक्क 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने दिलेला आहे. उद्याने, शाळा, स्मशाने आराखड्यात दाखवतात, तशाच पायवाटाही दाखवा, हे लेखी मागता येतं. संकुलाचा नकाशा मंजूर करताना आरपार जाणारी एक वाट सार्वजनिक म्हणून नोंदवा आणि तिच्या कडेला चार-सहा छोटे गाळे बंधनकारक करा, हेही मागता येतं. पुढच्या मसुद्याच्या वेळी माझा अर्ज महापालिकेत असेल. सोसायट्यांचे अध्यक्षहो, तुमचाही येऊ द्या, आणि त्याच आठवड्यात आपलं मागचं फाटक दिवसा उघडं ठेवायचा ठरावही करा.