जरा सरका

कर्जत दोन आहेत, हे एक्सेलला कोण सांगणार? एक आमचं, रायगडातलं, उल्हास नदीकाठचं, पावसाळाभर अंथरुणसुद्धा ओलसर ठेवणारं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पावसाची वाट बघणारं. आमची एक आत्या नेमकी त्या कर्जतला दिलेली. भावकीची यादी शीटवर घेतली तेव्हा ‘तालुका’ होता, ‘जिल्हा’ नव्हता. त्यामुळे आत्या कागदोपत्री माहेरीच राहायला आली. मग पुतण्याने राइट क्लिक केलं, इन्सर्ट म्हटलं, आणि सगळे काका आपापल्या मोबाइल नंबरांसह एकेक घर उजवीकडे सरकले. कोणी हूं की चूं केलं नाही. आमच्या भावकीत असं प्रथमच घडत होतं.

नवा कॉलम निवडलेल्या कॉलमच्या डावीकडे येतो आणि नवी ओळ वर येते. म्हणजे नव्या पाहुण्याला जागा आधीची, जुन्याने मागे व्हायचं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने नावाचा क्रम ठरवला: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. त्या वेळी किती कचेऱ्यांत वडिलांच्या कॉलमवर क्लिक करून इन्सर्ट दाबलं गेलं असेल! पिढ्यान्‌पिढ्या अडलेली गोष्ट, पण शीटवर काम दोन क्लिकचं. वडील निमूट सरकले.

माणसं अशी सरकत नाहीत. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये चौथी सीट मागून बघा. ‘जरा सरका’ म्हटल्यावर तिघेही सरकल्यासारखं करतात, जागा मात्र तेवढीच राहते, आणि चौथा बदलापूरपर्यंत एका मांडीवर प्रवास करतो.

जमिनीला तर सरकणं माहीतच नाही. आमची वडिलोपार्जित जमीन खालापूर तालुक्यात. तिचा सातबारा हीसुद्धा एक शीटच, पण ती बनवणाऱ्याने इन्सर्टचं बटण दिलं नाही. समजा सर्व्हे नंबर 47 ची दोन भावांत वाटणी झाली. एक्सेल दुसऱ्या भावाला 48 नंबर देऊन खालच्या सगळ्या गावाला एकेक पायरी उतरवेल. भूमापनवाल्यांनी ते टाळलं. 47/1, 47/2 केलं, नातवंडांच्या वेळी 47/2/अ. शेजारचा 48 जागचा हलला नाही, कारण कुणाच्या तरी ट्रंकेतल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस स. नं. 48’ असं म्हटलेलं असतं. एक्सेलमधली सूत्रं ओळ सरकली की स्वतःला दुरुस्त करून घेतात. ट्रंकेतला कागद कसा करणार? मला विचाराल तर त्या जुन्या मोजणीवाल्यांची अक्कल जास्त खोल होती. नाव गेलं तरी ओळ पुसायची नाही, नुसता कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकायचा. आमचे आजोबा अजून कंसात आहेत.

अर्थात नावं वाढतात तशी जमीन वाढत नाही. 1947 चा तुकडेबंदी कायदा त्याच धास्तीने झाला. तरी कर्जत-खोपोली रस्त्याने जाताना फार्महाउसच्या पाट्या गुंठ्यांवर बोलतात. एकराचे चाळीस गुंठे, आणि प्रत्येक गुंठ्याला म्हणे डोंगर दिसतो. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, तेव्हा आमच्या यादीतही आत्यांच्या ओळी मधोमध घातल्या गेल्या. शीटने त्या घेतल्या. काकांनी मात्र चहा थंड होऊ दिला.

पुतण्या म्हणाला, ‘‘काका, शीटला काय, कितीही ओळी घाला.’’ तसं नाही. कंट्रोल आणि खालचा बाण दाबत तळाला गेलो, तर 10,48,576 वर शीट संपली. मधे ओळ घातली तरी तो आकडा वाढत नाही. तळाची एक रिकामी ओळ गुपचूप कमी होते. त्या शेवटच्या ओळीत नुसतं ‘अ’ लिहून ठेवलं आणि वर नवी ओळ घालू गेलो, तर एक्सेलने साफ नकार दिला. भरलेलं घर बाहेर ढकलायला ते तयार नाही. म्हणजे इतक्या दिवसांचा त्याचा मोठेपणा तळाच्या लाखो पडीक ओळींच्या जिवावर होता. आमच्या सातबाऱ्याला पडीक तळ नाही, एवढाच काय तो फरक.

बेरजेचं आणखी निराळं. बेरजेच्या अगदी डोक्यावर नवी ओळ घातली तर जुनं सूत्र तिला पुष्कळदा मोजतच नाही. नाव दिसतं, हिस्सा धरला जात नाही. धाकट्या आत्याला याचं मुळीच नवल वाटलं नाही. मुरलेले हिशेबनीस बेरजेच्या वर एक रिकामी ओळ ठेवतात, सूत्रात तीही धरतात, आणि येणाऱ्याला तिच्या आधी बसवतात. आम्ही तशी ठेवली. दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले: ही ओळ कोणासाठी?

मग पुतण्याने ‘हिस्सा’च्या डावीकडे ‘बांधबंदिस्तीची वर्गणी’ असा कॉलम घातला. त्याबद्दल अजून कोणाचा फोन आलेला नाही.