राजाच्या खांद्यावरचं फुलपाखरू

"काकू, चार पानं कढीपत्ता घेऊ का?"

"घे की! विचारतेस काय? आणि ते इंग्लंडच्या राजाचं चित्र पाहिलंस का गं? नातवानं मोबाइलवर दाखवलं. लाल शाईची दौत लवंडावी तसं सगळं लालभडक! त्यातून चेहरा नि हात तेवढे वर आलेत."

"चार्ल्सचं ना? जोनाथन योनं काढलेलं. मे २०२४ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजानं स्वतःच त्यावरचा पडदा ओढला. मग काय, कुणाला त्यात रक्त दिसलं, कुणाला नरकाच्या ज्वाळा!"

"दिसणारच! त्या चित्रकाराच्या मनात काय होतं पण?"

"अंगात वेल्श गार्ड्सचा डगला आहे, तो लालच असतो. चार्ल्स १९७५ मध्ये त्या पलटणीचा कर्नल झाला. पण गणवेश असा झगमगीत असला की माणूस मागे पडतो. म्हणून चित्रकारानं तोच लाल मागेपुढे सगळीकडे पसरला. डगला त्यात विरून गेला, चेहरा उरला."

"युक्ती छान आहे हो! पण डगला विरला कुठे? उलट सगळं चित्रच डगला झालं की! आणि गोऱ्या पलटणींच्या लाल डगल्यांनी आपल्याकडे काय काय केलं, ते काय विसरलो आपण? रक्त दिसलं म्हणणाऱ्यांचं काही चुकलं नाही बाई."

"अहो, चित्रकाराला असलं काही म्हणायचं नव्हतं."

"नसेल! त्यानं रंग निवडला, पण त्या रंगाचा इतिहास थोडाच पुसता येतो? बरं, ते खांद्यावरचं फुलपाखरू कशाला?"

"ती कल्पना म्हणे राजाचीच. २०२१ मध्ये तो चित्रासाठी पहिल्यांदा बसला तेव्हा युवराज होता, चित्र होईस्तोवर राजा झाला. सुरवंटाचं फुलपाखरू! शिवाय निसर्गाचा त्याला पहिल्यापासून नाद."

"त्र्याहत्तराव्या वर्षी पंख फुटले म्हण! पण मला ते बघून वेगळंच वाटलं. फुलपाखराचं आयुष्य ते केवढं!"

"खरंय. शेवटची बैठक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि त्याला कॅन्सर झाल्याचं जाहीर झालं फेब्रुवारीत. त्यामुळे मे महिन्यात लोकांनी चित्र पाहिलं, तेव्हा त्या फुलपाखराकडे बघणारी नजरच बदललेली होती."

"बघ! राजानं सांगितला तो एक अर्थ, काळानं घातला तो दुसरा. दोन्ही खरे. पण त्याच्या बायकोचं काय म्हणणं?"

"राणी कॅमिलाचं? चित्रकारानं नवऱ्याला अगदी बरोबर पकडलंय, म्हणाली."

"मग झालं तर! बायकोला चेहरा पटला ना? बाकीच्यांनी रंगावरून खुशाल भांडावं!"