साडेबाराचा गजर

आमच्या आणि माईंच्या परड्याच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे. एका जागी ते विरळ झालंय. माळी म्हणतो कीड लागलीय, पण खरं कारण मला आणि माईंना ठाऊक आहे. रविवारी धुणं वाळत घालत होते, तर त्याच जागेवरून हाक आली, "अगं, ये की जरा इकडं. तुला म्हणून सांगते."

'तुला म्हणून सांगते' म्हणजे निम्म्या गल्लीला सांगून झालंय. सांगलीत पंधरा वर्षं काढल्यावर एवढं कळतं. तरी गेले.

"नातवाच्या शाळेतनं बोलावणं आलं होतं."

"मारामारी केली?"

"मारामारी परवडली. ह्यांचा फोन वाजला वर्गात."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली.

त्याचं असं झालं. नातू नववीत. शाळेनं दिवाळीनंतर नियम काढला, फोन आणायचा नाही. पण पोरं शाळेतनं परस्पर क्लासला जातात, घरी यायला रात्रीचे आठ. आयांनी गलका केला, पोरगं कुठाय ते आम्हाला कळायचं कसं? मग तह झाला. फोन आणा, पण सकाळी वर्गशिक्षिकेकडे जमा करा. खणाखणांची लाकडी पेटी, खणावर हजेरी नंबर, पेटीला कुलूप, पाचला परत. बाई फोन चालू करून बघतात, मग बंद करून खणात टाकतात.

"आमच्यानं काय केलं, आजोबांचा बटणाचा फोन कपाटातनं काढला, रात्री चार्ज केला आणि तोच रोज जमा करायला लागला. खरा फोन डब्याच्या पिशवीत, पोळीच्या फडक्यात! आणि मी आपली सांगत फिरत्ये, बघा, पोरगं आता डबा स्वतः भरतंय."

"मग पकडलं कसं?"

"ह्यांची शुगरची गोळी जेवणाआधी. त्यासाठी साडेबाराचा गजर. ते जुनं डबडं बंद केलं तरी गजराला उठतंय. एरवी पेटी ऑफिसात, तिथल्या कालव्यात कुणाला ऐकू येणार? त्या दिवशी गणिताची चाचणी म्हणून पेटी वर्गातच राहिली. चिडीचूप वर्ग, आणि पेटी ओरडायला लागली. बाईंनी उघडून बघितलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'गोळी'!"

इथं माईंनी दम घेतला. गोष्ट कुठं थांबवायची हे त्यांना बरोबर कळतं.

"मुख्याध्यापकांना वाटलं, पोरगं कसल्या गोळ्या घेतंय! सूनबाईला कामावरनं बोलावून घेतलं. ती तिथं रडायची का हसायची?"

पोराचं चुकलं, यावर आमचं दोघींचं एकमत झालं. पण नियमावर नाही. माझी आठवीतली; तिच्या शाळेतही फोन बंद. आणि गृहपाठ येतो कुठं? आईच्या व्हॉट्सॲपवर, रात्री दहाला. पावसाची सुट्टीसुद्धा ग्रुपवरच कळते, ती पण दप्तर पाठीला लागल्यावर. मग पोरगी फोन मागते आणि गृहपाठाच्या निमित्तानं तासभर रील बघत बसते. २०२४ च्या 'असर' पाहणीत हेच आलंय: खेड्यांतल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी आठवड्याभरात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी ७६. मी आकडे सांगितले तर माई म्हणाल्या, "ह्यासाठी पाहणी कशाला? आमच्या सोप्यावर येऊन बसायचं."

मी म्हटलं, दिल्लीच्या उच्च न्यायालयानंही गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, सरसकट बंदी व्यवहार्य नाही, शक्य तिथं फोन जमा करून घ्या, असंच सांगितलंय.

"कोर्टाच्या घरात नववीतलं पोरगं नसंल."

माईंची थोरली लेक अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात. तिथं सप्टेंबर २०२५ पासून सरकारी शाळांत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद, मधल्या सुट्टीतही नाही. निरोप द्यायचा तर शाळेनं वेगळी सोय ठेवायची. "शुगर मोजायला लागत असंल तर मात्र चालतोय म्हणं," माई म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचा फोन तिथं बसला असता नियमात!" न्यूयॉर्क शहरात तर पूर्वीही बंदी होती, २०१५ साली उठली. त्या काळात काही शाळांबाहेर गाड्या उभ्या असायच्या, दिवसाला डॉलर घेऊन पोरांचे फोन सांभाळायच्या. हे ऐकून मला आपल्याकडच्या देवळाबाहेरचं चप्पल स्टँडच आठवलं.

पण माईंचं खरं मन माहेराकडं. कडेगाव तालुका. "मोहित्यांच्या वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासनं भोंगा वाजतोय. संध्याकाळी सातला. वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला परत भोंगा, मग मोकळीक. सुरुवातीला दारोदार फिरून बंद करायला लावत होते. पण बघ, तिथं भोंगा थोरल्यांना बी असतोय. पोराचा फोन आणि बापाची बातमी एकदमच बंद. मग पोरगं कुणाकडं बघून कुरकुरणार? इथं बाई पेटीला कुलूप लावतात आणि स्वतःचा फोन टेबलावर उताणा."

ते टेबल तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारणार होते. पण नातू पकडला गेलेला असला, तरी माईंची बातमी कधी पकडली जात नाही.

तेवढ्यात घरातनं टिंव टिंव ऐकू आलं. मी माईंकडे बघितलं.

"शाळेनं परत दिलाय. सून म्हणाली, तो गजर काढून टाका. म्हटलं, असू दे, मला जेवायची आठवण होत्ये." माई हात पुसत वळल्या. मग परत आल्या. "आणि शाळेनं नियम वाढवलाय. आता फोन नुसता चालू करून नाही, त्यावर कॉल लावून बघणार. तवापासनं पोरगं माझ्या मागं लागलंय, आजी, आजोबांचं सिम कुठंय?"

"दिलंत?"

"अगं, ते बंद पडून दोन वर्षं झाली." माई हळूच हसल्या. "पण हुडकू दे की. त्या निमित्तानं माळा तरी साफ होतोय."